पान उलटणारा

माझं काम एवढंच :
गुंतार्सच्या डाव्या हाताला बसायचं,
शेवटची ओळ यायच्या आत उठायचं,
उजव्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायचा
आणि त्यानं मान हलवली की उलटायचं.
टाळ्या माझ्यासाठी नसतात.
दिवसा मी चष्मे विकतो, लिएपायामध्ये,
जिथं वारा जन्माला येतो म्हणतात,
आणि संध्याकाळी आउस्माची पानं उलटतो.

आउस्मा गाते. लिहितेही स्वतःच.
आवाज, व्हायोला, पियानो. तिघांत मावेल तेवढंच.
मोठे वाद्यवृंद तिला मानवत नाहीत;
म्हणते, इतक्या माणसांना साधा चहा तरी विचारून होतो का?
चाळीस खुर्च्यांची खोली तिला पुरते,
मग ते मिठाचं जुनं गोदाम का असेना.
(भिंती अजून पाझरतात. व्हायोलाच्या तारा उतरतात.
लाउमा चिडते, आणि चिडली की जास्त चांगलं वाजवते.)

तीन वर्षांपूर्वी गळ्यावर शस्त्रक्रिया झाली.
वरचे चार सूर गेले.
हे ती असं सांगते,
जसं कुणी सांगावं की वरचा मजला भाड्यानं दिलाय :
आहे तिथंच आहे, फक्त आपण जायचं नाही.

नवी रचना तिनं त्या मजल्याखाली उभं राहून लिहिली.
शब्द म्हणाल तर शब्द नाहीतच.
तिची आई, स्काइद्रीते,
मासळीच्या कारखान्यात डबे मोजायची, एकतीस वर्षं,
मोठ्यानं, कारण पट्ट्याच्या खडखडाटात
मनातलं मोजणं हरवतं.
ते आकडे घेतलेत. एक, दोन, तीन,
प्रत्येकाला आदल्यापेक्षा उंच पायरी,
आणि जिथं सात यायचा
तिथं पान संपतं.

पुढचं पान कोरं.
पाच पाच रेघा, बाकी काही नाही.
तालमीत लाउमानं विचारलं, इथं काय वाजवायचं?
"काही नाही. पण गज तारेवरून उचलू नकोस."
आणि मी उलटायचं कधी?
"कळेल तुला."
दुकानात गिऱ्हाईक असं बोललं असतं
तर मी भलतीच काच बसवून दिली असती.

नोव्हेंबरातला शनिवार. खुर्च्या भरल्या, दोन कमी पडल्या.
सहा झाले. मी पान उलटलं.
कोरं.
रेडिएटर दोनदा ठोकला.
बंदरात कुठंतरी साखळी ओढली गेली.
लाउमाचा गज तारेवर, थरथरत,
जसा पावाच्या वासावर बसलेला कुत्रा.
आणि दुसऱ्या रांगेतून,
अंगात कोट, मांडीवर पर्स,
जिला ईस्टरपासून मुलीचं नावही आठवत नाही ती स्काइद्रीते,
पट्टा थांबलाय आणि मुकादम बघतोय अशा आवाजात :
सेप्तिणि.
कुणी हसलं नाही.
शेजारणीनं हात दाबला, तो तिनं झटकला.
अस्तोणि. देविणि.

खरखरीत, खालचा आवाज.
आउस्माचा हात पोचेल इतका खालचा.
जमिनीवर पडलेलं बटण उचलावं
तसा तिनं तो सूर उचलला
आणि दहा म्हटलं.

मला वाटलं, नंतर रडेल.
तिनं पेन्सिल मागितली.
कोऱ्या पानाच्या माथ्यावर लिहिलं,
इथं कुणाची तरी वाट बघा,
आणि कोट शोधायला गेली.

फेब्रुवारीत कुल्दीगाला कार्यक्रम होता.
आई गाडीत बसायलाच तयार झाली नाही.
सहा. कोरं पान. बराच वेळ.
इतका वेळ, की गुंतार्सनं माझ्याकडं पाहिलं,
जणू मीच दोन पानं एकदम उलटलीत.
मग मागं कुणीतरी खोकलं,
तोंडावर हातमोजा धरून, ओशाळून.
आउस्मानं मान तिकडं वळवली
आणि त्या खोकल्याच्या सुरात
दहा म्हटलं.

मी उठलो. कोपरा धरला.